म्हसोबापासून बेचाळीस वल्ही

कोंडीबामामाच्या होडीत बसलं की पहिली पाच मिनिटं काही वेगळं वाटायचं नाही. मग मधेच वल्हं थांबायचं आणि मागून आवाज यायचा, "पावणं, चपला काढा. देऊळ आलं." चहूकडं बघावं तर नुसतं पाणी. पुण्याहून आलेली मंडळी एकमेकांकडं बघत, कुणी हसू दाबी, कुणी मोबाइल काढी. मामा हसत नसे. शेवटची चप्पल निघेपर्यंत वल्हं पाण्यात जात नसे. सगळ्यांचे पाय ओल्या फळीवर टेकले की तो म्हणे, "चला. आता चावडीपासनं डावीकडं वळू."

देऊळ खरंच होतं, पण होडीच्या तीस-चाळीस फूट खाली. डिंभे धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव आहे. ज्या गावाच्या नावानं अख्खा तालुका ओळखला जातो ते गावच पाण्यात आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात, अशी आमच्याकडची गंमत आहे. आमचं कापडाचं दुकानही घोडेगावात आहे. त्याआधी ते जुन्या गावच्या बाजारपेठेत होतं. पुढं दुकान, मागं घर. राजस्थानातून आलेल्या पणजोबांनी बांधलेलं. गाव उठलं तेव्हा मी पुण्याला वसतिगृहात शिकत होतो, त्यामुळं मला ते गाव सुटीपुरतंच आठवतं. मामाला मात्र ते पाठ होतं.

काळासावळा, काटकुळा माणूस. डोक्याला कायम एक विटका पंचा, खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसायची. पैलतीरावरच्या वाड्यांची माणसं, शेळ्या, रेशनची पोती आणि शनिवार-रविवारी धरण बघायला येणारे पाहुणे, सगळे त्याच्याच होडीत. लाँच आली तेव्हा घाईची माणसं तिच्याकडं वळली. लाँच दहा मिनिटांत पलीकडं नेते. मामाला अर्धा तास लागायचा, कारण तो सरळ जातच नसे. तो गल्लीबोळांतून जाई. "कुनाच्या घरावरनं जायचं न्हाई," हा त्याचा नियम. पाण्याखालच्या रस्त्याला जिथं वळण होतं तिथं होडी वळायची, बोळ अरुंद असेल तर तो वल्हं आवरून धरायचा.

मी दुकानदार माणूस, शटर उघडायच्या वेळेला बांधलेला. मला त्याचा राग यायचा. वसुलीला पलीकडच्या वाड्यांवर जायचं असलं की एकदा तरी आमची जुंपायची.

"मामा, सरळ काढा ना. खाली आता कोण राहतं?"

"धाकलं शेठ, तुमच्या सैपाकघरातनं कुनी होडी घातली तर चालंल का तुमाला?"

"तिथं आता मासे राहतात."

"मग माशास्नी तरी चालंल का?" असं म्हणून तो पुन्हा मोजायला लागे.

हे मोजणं म्हणजे त्याची सगळी विद्या. काठाजवळ एक खडक आहे, धरण काठोकाठ भरलं तरी त्याचा शेंदूर लावलेला माथा पाण्याबाहेर राहतो. तो म्हसोबा. म्हसोबाला होडीचं ढुंगण लावायचं, समोरच्या डोंगरातल्या खिंडीकडं तोंड करायचं आणि वल्ही मोजत निघायचं. सव्विसाव्या वल्ह्याला देऊळ, बेचाळिसाव्याला चावडी. तिथून डावीकडं अठरा वल्ही की बाजारपेठेत आमचं दुकान. मोजताना कुणी बोललं आणि आकडा चुकला तर तो चिडायचा नाही, होडी फिरवून पुन्हा म्हसोबापाशी जायचा. एकदा एका जोडप्यानं फोटोच्या नादात त्याला तीनदा म्हसोबाला परत नेलं. उतरताना ते मला म्हणाले, तुमच्याकडं फेरी फार मोठी असते हो, छान! इंजिन बसवा म्हणून मी त्याच्या मागं लागलो तेव्हा तो म्हणाला, "इंजिनाला बोंबलता येतं, मोजता येत न्हाई."

आता अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. माझी आई मी सहा वर्षांचा असताना त्या जुन्या घरातच वारली. अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही आणि तिच्याविषयी ते कधी बोललेही नाहीत. गाव बुडाल्यावर कित्येक वर्षं ते धरणाच्या बाजूला फिरकले नव्हते. एकदा घोडेगावच्या बाजारात मामानं त्यांना गाठलं आणि रस्त्यातच विचारलं, "शेठ, उंबऱ्यावर न्हेऊ का?" अण्णा जागच्या जागी उभे राहिले. आईनं माप ओलांडलं तो उंबरा. तिच्याबरोबर घालवलेल्या दिवसांतली तेवढीच एक वस्तू या जगात जागेवर होती, आणि ती कुठं आहे हे फक्त या माणसाला सांगता येत होतं.

त्या दिवाळीपासून दर पाडव्याला अण्णा मामाच्या होडीतून उंबऱ्यावर जाऊ लागले. चावडीपासून अठरा वल्ही झाली की मामा होडी धरून ठेवायचा आणि पाठ फिरवून बसायचा. अण्णा डोळे मिटून नवकार मंत्र म्हणायचे. मग खिशातून कागदात गुंडाळलेली एक हिरवी बांगडी काढून पाण्यात सोडायचे. बांगडी क्षणभर हिरवी दिसायची आणि जायची. परतताना अण्णा माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलत. असे चौदा पाडवे झाले.

त्यातल्याच एका पाडव्याला परत येताना मी मामाला विचारलं होतं, "तुमचं घर कुठं होतं हो?"

"आमचं काय, कुडाचं घर. दगड न्हाई, उंबरा न्हाई," तो म्हणाला. "पानी आलं तसं गेलं." आणि वल्हं मारून पुढं झाला. मीही पुढं काही विचारलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात दुकानातली दिवाळीची गर्दी होती.

गावाची वरची आळी बहुतेक उन्हाळ्यांत उघडी पडते, पण बाजारपेठ नदीलगत, खोलात. ती कधी दिसत नसे. मागच्या उन्हाळ्यात मात्र पाणी एवढं उतरलं की बाजारपेठेची जोतीसुद्धा वर आली. ते बघायला गर्दी लोटली. मी जाणार जाणार म्हणत होतो, तेवढ्यात एका दुपारी मामाच दुकानात आला. चिखलानं पाय मांडीपर्यंत भरलेले. एरवी गादीच्या कडेला टेकणारा माणूस, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"शेठ हायेत का घरात? मला त्यांची माफी मागायचीया."

मी त्याला बाजूला घेतलं. त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक हिरवी बांगडी काढली. "ही गेल्या पाडव्याची. कुठं घावली सांगू का? शिंप्याच्या ओट्यावर."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. बाजारपेठेत शिरल्यावर त्याला आमचा उंबरा सापडला, दगडी, मधोमध झिजलेला. त्याच्यापाशी गाळात अर्धी रुतलेली एक बांगडी होती. दुसरी तिच्या अलीकडं हातभर. तिसरी आणखी अलीकडं. अशा एकामागं एक बांगड्या चावडीच्या दिशेनं सरकत आलेल्या, आणि शेवटच्या दोन-तीन आमच्या घरापासून दोन घरं अलीकडं, शिंप्याच्या ओट्यावर.

"वल्ही मी बरूबर मोजली, धाकलं शेठ. एक बी चुकलो न्हाई. बेचाळीस म्हंजी बेचाळीस, अठरा म्हंजी अठरा. पर हात म्हातारं झालं. वल्हं आखूड पडाय लागलं, अन् मला कळलंच न्हाई." त्यानं आपले हात माझ्यासमोर धरले. "माजं वय झालं, अन् तुमचा उंबरा सरकला."

अण्णांची तब्येत तेव्हा नाजूक होती. पंच्याऐंशीच्या घरातलं वय, दोनदा दवाखाना झालेला. मी मामाला हात जोडले. "मामा, कशाला सांगता? पाणी ते पाणी. त्यांनी नवकार मनापासून म्हटला, झालं."

"पान्याला फरक पडत न्हाई," तो म्हणाला. "उंबऱ्याला पडतो. त्यांनी माझ्या सांगन्यावर इस्वास ठेवला. आता मला म्हाईत झालंय, अन् त्यास्नी न्हाई. असं कसं चालंल?"

मला त्याचा भयंकर राग आला, हे कबूल करतो. पण तो दुकानामागच्या घरात गेलाच. अण्णांच्या पलंगाशी उकिडवा बसून त्यानं जसंच्या तसं सगळं सांगितलं आणि बांगडी त्यांच्या हातात दिली. अण्णा बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिले. मी दाराशी उभा होतो.

"म्हणजे मी शिंप्याच्या ओट्यावर बसून नवकार म्हणत होतो?" अण्णांनी शेवटी विचारलं.

"गेली दोन-तीन वर्सं तरी."

आणि अण्णा हसले. असे हसले की खोकला लागला, मला पाणी आणावं लागलं. त्यांच्या लग्नातल्या कोटाची एक बाही त्या शिंप्यानं आखूड शिवली होती, आणि त्यावरून अण्णा त्याच्याशी जन्मात बोलले नव्हते. "त्याची बाही आखूड, तुझं वल्हं आखूड," ते मामाला म्हणाले. "माझ्या नशिबात पुऱ्या मापाचं काही नाहीच." मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. मामा त्यांचे पाय धरून बसला होता.

"मला तिथं ने," अण्णा म्हणाले. "आत्ता उघडं आहे तोवर ने. पुढं कोण जाणे."

मामानं मान हलवली. "वाटंत मांडीएवढा गाळ हाय. तुमी आत गेला तर आमी दोघं मिळून बी काढू शकनार न्हाई. पाडव्यापतुर थांबा. पानीच तुमाला उचलून उंबऱ्यावर न्हेईल. आन् या बारीला मोजायचं न्हाई, शेठ. मी उंबऱ्याला दोर बांदतो."

त्यानं तसंच केलं. मासे धरणारे जाळ्याला रिकामा डबा बांधतात, डबा तरंगला की जाळं सापडतं. तीच युक्ती. आमच्या झिजलेल्या उंबऱ्याला त्यानं नायलॉनचा लांब दोर आवळला आणि दुसऱ्या टोकाला तेलाचा रिकामा कॅन. कॅनवर निळ्या रंगाचा पट्टा, आमची खूण. आणि अण्णांसाठी निरोप ठेवला, "बांगडी पान्यात सोडायची न्हाई. दोरात ओवायची. सरळ घरी जाती."

तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांना ज्यांना त्यानं आपापल्या घरांवर नेलं होतं त्या सगळ्यांकडं तो उन्हातान्हात गेला. पेठला गेला, जुन्नरला गेला. प्रत्येकाला सांगितलं की तुमची फुलं तुमच्या घरावर पडली नाहीत. काहींनी हसून सोडून दिलं. पेठच्या एकानं मात्र त्याला अंगणातूनच हाकललं. आईच्या वर्षश्राद्धाला त्यानं पाण्यात पिंड सोडले होते, ते दुसऱ्याच्या गोठ्यावर गेले म्हणून. मामानं ते ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याही जोत्याला दोर बांधून आला. पाऊस सुरू होईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. मी त्याला एकदा म्हणालो, मामा, पुरे झालं आता. तो म्हणाला, "मी सांगितलेली जागा खोटी ठरली, धाकलं शेठ. ती खरी केल्याबिगर होडीत कुठल्या तोंडानं बसू?"

धरण भरत आलं तसे एकेक कॅन वर आले. पांढरे, पिवळे, कुणाला लाल पट्टा, कुणाला चुन्याची फुली. काठावर उभं राहिलं की गाव कुठून कुठवर होतं ते पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं. मामानं ते पाहिलं, एवढंच समाधान. भाद्रपदात त्याला ताप भरला आणि तीन दिवसांत तो गेला. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याची बायको फार पूर्वीच गेलेली. एकुलती मुलगी निमगाव साव्याला दिलेली, ती दहाव्यापर्यंत राहून परत गेली.

पाडव्याला अण्णांना घेऊन मी लाँचनं गेलो. त्यांना खुर्चीसकट उचलून आत ठेवावं लागलं. लाँचवाला भला माणूस, निळ्या पट्ट्याच्या कॅनपाशी त्यानं इंजिन बंद केलं. मी कॅन सोडवला आणि दोर अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो हलकेच ओढून पाहिला. खालून ओढ लागली. घट्ट. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "आहे." मग त्यांनी शिंप्याच्या ओट्यावरून परत आलेली तीच बांगडी दोरात ओवली. ती दोरावरून घसरत खाली गेली, दिसेनाशी झाली, तरी ते दोर धरून होते. नवकार झाल्यावरच त्यांनी तो सोडला आणि मी कॅन पुन्हा बांधला.

लाँचवाल्यानं इंजिन सुरू करायला हात घातला तसे अण्णा म्हणाले, "थांबा. कोंडीबाचं घर कुठल्या अंगाला होतं?"

लाँचवाल्यानं पाण्यावरून हात फिरवला. "खालच्या अंगाला कुठंतरी असंल," तो म्हणाला. "कुडाची घरं व्हती तिकडं. नेमकं काय ठाऊक न्हाई, अण्णा." मी चहूकडं पाहिलं. सगळ्या गावाचे कॅन पाण्यावर हलत होते आणि त्यांत त्याचा एकही नव्हता. कुडाला दोर बांधायला दगड नसतो. त्याच्या मुलीला विचारावं, तर ती गाव सोडताना पाळण्यात होती. मी एवढी वर्षं त्याच्या होडीत बसलो, एकदा विचारलं, आणि उत्तर मिळालं नाही तेव्हा मला दुकानाची घाई होती.

"म्हणजे ते कुठंही असू शकतं," अण्णा म्हणाले.

त्यांनी लाँचवाल्याला इंजिन लावू दिलं नाही. लाँचमध्ये अडीनडीला ठेवलेली वल्ही होती, ती आम्ही दोघांनी घेतली. अण्णा वाकले आणि पायातल्या चपला काढून मांडीवर घेतल्या. लाँचवाल्यानंही काढल्या, मीही काढल्या. काठ येईपर्यंत त्या कुणीच पायात घातल्या नाहीत.