बुद्धप्रियाची नोटीस

बुद्धप्रिया नांदेडला आमच्या मोजणी कार्यालयात रुजू झाली, तेव्हा मी आवक-जावकच्या टेबलावर होतो आणि माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती भूकरमापक. शेताच्या बांधावर दोन भावांच्या मधोमध यंत्र घेऊन उभी राहायची आणि मोजणी संपली की दोघेही भाऊ तिच्यावर चिडलेले असायचे. दोघेही चिडले म्हणजे मोजणी बरोबर झाली, असा तिचा हिशेब. अशी बाई घरी जाऊन व्हिडिओ गेम खेळते हे कळल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अहो, तुमचं वय काय, तुम्ही करता काय?"

"चौतीस, काका," ती म्हणाली. "आन् मी खेळत न्हाई. तपासते."

तपासते म्हणजे काय, ते बघायला एका रविवारी मी तिच्या घरी गेलो. पडद्यावर एक घोडेस्वार होता. या खेळात म्हणे रस्ता ठरलेला नसतो. डोंगर दिसला की डोंगरावर जायचं, गाव दिसलं की गावात शिरायचं. तलवार चालवायची, नवी विद्या शिकायची आणि हळूहळू बळकट व्हायचं. ही मात्र तलवार म्यानात ठेवून खेळातल्या मुलखाची हद्द फिरत होती. कुठे अदृश्य भिंत लागते, कुठली विहीर नुसती चित्रातली आहे, कुठलं दार उघडत नाही, सगळं वहीत उतरवत होती. एवढं झाल्यावर ती आपलं मत मराठीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची. ऐकणारे चार-पाच हजार. बाकीचे समीक्षक पहिल्याच दिवशी आरडाओरडा करून दहापैकी नऊ गुण देऊन मोकळे होत, आणि हिचं मत महिन्याने यायचं, कारण ही आधी नोटीस काढायची.

आमच्याकडे मोजणीआधी शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते. अमुक दिवशी मोजणी आहे, हजर राहा, म्हणणं असेल तर तिथेच सांगा. बुद्धप्रियाने हीच रीत खेळांना लावली होती. खेळ बनवणाऱ्यांना आपले आक्षेप आधी कळवायचे आणि पंधरा दिवस थांबायचं. बहुतेक जण उत्तरही देत नसत. मी हसलो तर म्हणाली, "काका, पाठीमागं बोलायला काय लागतंय? तोंडावर बोलून मंग जगाला सांगावं."

तिची आई सुमनबाई त्याच खोलीत पडद्याकडे पाठ करून तूर निवडत बसलेली असे. मी विचारलं, तुम्ही नाही बघत का? "त्यात आपलं कोन हाय?" म्हणाल्या आणि सुपातला खडा बाजूला टाकला.

मग 'बालाघाटचा स्वार' आला. दोनशे वर्षांपूर्वीचा मराठवाडा, आपली माणसं, आपली भाषा. तो पुण्यात बनला होता आणि त्यातलं मुख्य गाव सत्यमने उभं केलं होतं. सत्यम म्हणजे बुद्धप्रियाचा कॉलेजचा मित्र, चाकूरकडचा, शेतकरी घरातला. पुण्याला जाताना आपला कॉम्प्युटर हिला देऊन गेला होता. त्याच्यावरच ही सगळं शिकली. चार वर्षं खपून त्याने आपलंच गाव त्या खेळात मांडलं होतं आणि पहिला फोन हिला केला होता. "सगळे चांगलंच म्हनायलेत," तो म्हणाला, "पर मला तुझं पाहिजे."

तिने अकरा संध्याकाळी ते गाव पालथं घातलं. नांगरट झालेल्या काळ्या मातीचा रंग तिला फार आवडला. घोडा चढावर दमतो, ते आवडलं. लढाई मात्र तीच ती वाटली. शिवाय आपण जीव वाचवलेली म्हातारी दुसऱ्या दिवशी ओळखच दाखवत नाही, हे तिला खटकलं. एवढ्यावर थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. बाराव्या दिवशी ती ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि हातानं काढलेला नकाशा तिने माझ्यापुढे ठेवला.

"काका, हे गाव. वेशीपासून ओढ्यापर्यंत समदी घरं मोजली. आमची वस्ती कुठंय?"

मी नकाशा उलटसुलट केला. पाटलाचा वाडा होता, देऊळ होतं, कुंभाराची भट्टी होती. गावाबाहेर नुसतं गवत होतं, फार सुंदर गवत. आणि खरं सांगतो, तिने विचारेपर्यंत मलाही काही कमी वाटलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला.

आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं, किंवा बोलून सत्यमला गमवायचं. दोन दिवस ती डबा न खाता परत नेत होती. तिसऱ्या दिवशी तिने नोटीस पाठवली आणि तासाभरात सत्यमचा फोन आला. आवाज इतका चढलेला, की मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं.

"दाखवलं तरी शिव्या, न्हाई दाखवलं तरी शिव्या! लोकं घटकाभर खेळाया येतेत. त्यात ते दुःख कशाला?"

"मी दुःख दाखव म्हनलंच न्हाई," बुद्धप्रिया शांतपणे म्हणाली. "घरं दाखव म्हनलं. तुझा स्वार कुठंबी जाऊ शकतो म्हनतोस ना? मंग आमच्यात यायला त्याला काय झालं?"

फोन कट झाला. नोटिशीत तिने तारीख घातली होती: येत्या पंधरवड्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा, तुझं खरं गाव, आपण हद्द फिरू. त्यावर उत्तर आलंच नाही. लगतवाला, म्हणजे शेजारचा खातेदार, आला नाही म्हणून मोजणी थांबत नाही, हा आमच्याकडचा नियम. त्या रविवारी ती मला पंच म्हणून बसमध्ये घालून घेऊन गेली. अहमदपूर मागे पडेपर्यंत ती आपला नकाशाच बघत होती. चाकूरच्या स्टँडवर उतरलो तर समोर दाढी वाढलेला एक पोरगेला माणूस मोटारगाडीला टेकून उभा होता.

"कुठून सुरू करायचं?" सत्यमने विचारलं. तिने सुटकेचा निःश्वास सोडला तो मला स्पष्ट ऐकू आला.

वेस, देऊळ, त्याच्या वडिलांचा गोठा, सगळं त्याने भराभर दाखवलं. एकेक दगड पाठ होता त्याला. मग ओढ्याकडची वाट आली आणि तो अडखळला. पुढे कुठे वळायचं, त्याला माहीत नव्हतं. बुद्धप्रिया त्याच्या शेजारी थांबली. शेवटी तोच पुढे झाला.

वीसेक घरं असतील. विहार, निळा झेंडा, उन्हात घातलेल्या कुरडया. पहिल्या दाराशी बसलेल्या म्हातारीने डोळ्यांवर हात धरला. मागून कळलं, तिचं नाव महामाया.

"कोनाचा रं बाबा तू?"

"आप्पासाहेबांचा."

"आगं बया, आप्पासाहेबाचा! मंग इतके दिस कुठं व्हतास?"

"पुण्याला होतो, आजी."

"आन् पुन्याच्या आधी?"

सत्यमने मागे वळून वेशीकडे पाहिलं. त्याच्या वडिलांचं, आप्पासाहेबांचं घर तिथून पाचशे पावलं होतं. येताना बुद्धप्रियाने सवयीने मोजली होती. महामायाबाईंनी त्याला फार वेळ ताटकळत ठेवलं नाही. सुनेला चहा टाकायला सांगितला. तो ओट्यावर बसला आणि बशी हातात धरून किती तरी वेळ घरांकडे बघत राहिला. मलाही माझं कंधारकडचं गाव आठवलं. तिथली ती वाट कुठून सुटते ते मला ठाऊक आहे. ती कुठे पोचते ते मी आजवर पाहिलेलं नाही.

पंधरा दिवस संपले आणि बुद्धप्रियाने आपलं मत यूट्यूबवर टाकलं. मातीचं कौतुक केलं, लढाईला नावं ठेवली आणि गावाबद्दल जे होतं ते एकही शब्द न गाळता सांगितलं. काहींनी खाली वाईटसाईट लिहिलं. सत्यमने तो व्हिडिओ स्वतःच्या खात्यावरून पुढे पाठवला.

पाच महिन्यांनी खेळाची सुधारित आवृत्ती आली. मी त्या दिवशी मुद्दाम तिच्या घरी गेलो. घोडा ओढ्याच्या वाटेला लागला आणि गवत होतं तिथे घरं उभी होती. लहान, नीट सारवलेली. एका दाराशी डोळ्यांवर हात धरून एक म्हातारी बसली होती. बुद्धप्रियाने घोडा थांबवला.

"आई, जरा बघ की."

सुमनबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मान वळवली. मग उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या घरं न्याहाळत राहिल्या, एकेक करून, बोटाने मोजत.

"ही चूल हितं भाईर का मांडली?" शेवटी त्या म्हणाल्या. "वारं ह्या अंगाचं हाय. समदा धूर घरात जाईल. अक्कल हाय का न्हाई त्याला? लिही म्हनावं."

बुद्धप्रिया हसत होती आणि डोळे पुसत होती. मग तिने वही ओढली आणि सत्यमच्या नावाने नवी नोटीस लिहायला घेतली. आक्षेप घेणाऱ्याच्या जागी तिने आईचं नाव घातलं.