स्टेशनाचं तोंड कुणीकडं

बार्शीहून लातूरला जाणारी छोटी गाडी आमच्या भागातून कधीची धावत होती. पण दोन स्टेशनांच्या मधे एक पट्टा असा होता, की तिथून गाडी रोज जायची आणि थांबायची मात्र नाही. रुळांच्या एका अंगाला मुरमाड चढावर एक गाव होतं, दुसऱ्या अंगाला ओढ्याकाठच्या काळ्या रानात दुसरं. लोक एकाला वरलं गाव म्हणत, दुसऱ्याला खाललं. गाडी धरायची तर दोन्हीकडच्यांना ढोकीपर्यंत तंगडतोड करावी लागे. दही आणि भाजी घेऊन बार्शीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया तर अंधारातच पाट्या डोक्यावर घेत. दुसरी मोठी लढाई संपत आली त्या सुमाराला निजाम सरकारचा हुकूम निघाला: इथं नवं स्टेशन होणार आणि स्टेशनाभोवती गंज वसणार. गंज म्हणजे धान्याची पेठ. अडतीची दुकानं, बैलगाड्या सोडायला मैदान, धर्मशाळा, विहीर, रस्ते, सगळं आधी कागदावर आखायचं आणि मग बांधायचं.

आखायचं काम आमच्या तामिरात खात्याकडं, म्हणजे बांधकाम खात्याकडं आलं. मी त्या खात्यात नुकताच लागलो होतो. घर तामलवाडीचं. आई घरात कानडी बोलायची, गल्लीत मराठी चालायची आणि दफ्तरात उर्दू. या तीन बोल्यांमुळंच मला नोकरी लागली, असं वडील सगळ्यांना सांगत. माझे साहेब बिदरचे होते, वयानं मोठे, कमी बोलणारे; बोलायचे उर्दूत, पण मराठी सगळी समजायची. उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून मजुरांच्या बरोबरीनं मोजणीची साखळी ओढायचे.

स्टेशनाला बाजू दोन असतात, पण तोंड एकच. तिकिटाची खिडकी जिकडं उघडते, तिकडं रस्ता येतो, रस्त्याला दुकानं लागतात, दुकानांमागं घरं उभी राहतात. पाठीमागच्या गावाच्या वाट्याला धूर आणि शिटी. हे दोन्ही गावांना आमच्याआधी कळलं होतं. आम्ही पहिल्या दिवशी तंबू ठोकला, तेव्हाच वरल्या गावातून ताक आलं आणि खालल्या गावातून गुळाची ढेप.

माझी अडचण वेगळीच होती. माझी थोरली बहीण, माझी अक्का, खालल्या गावात दिली होती. तिचे सासरे म्हणजे गावातलं वजनदार माणूस. थोडा व्यापार, मोठी शेती, रोज पहाटे शिवपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. मी साहेबांना पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं. ते म्हणाले, "रिश्तेदारी तो सबकी कहीं न कहीं है, मियाँ. काम पे नजर रखो."

आम्ही दोन्ही अंगांना खड्डे खणून जमीन पाहिली. वरच्या बाजूला हातभर मातीखाली कडक मुरूम लागला. खालच्या बाजूला कुदळ नुसती रुतत गेली. ती माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि पावसाळ्यात फुगून भिंती उचलते. शिवाय ओढ्याचं पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा बाभळींवर दिसतच होत्या. साहेबांनी नकाशावर लाल पेन्सिल फिरवली. तोंड वर. माझंही मत तेच होतं, आणि ते मी दडवलं नाही. फक्त एक विचारलं, "खालल्या गावानं रूळ ओलांडायचे कुठून? फाटक धरलं पाहिजे." साहेब म्हणाले, ते पुढं बघू. फाटक आलं की राखणदार आला, त्याची खोली आली. आधी गंज उभा राहू दे.

दोन दिवसांत अप्पांचा निरोप आला, जेवायला या. जेवण झालं, अक्कानं ताटं उचलली, मग अप्पांनी विषय काढला.

"तुमची-आमची सोयरीक झाली, तवा आमी काय बघितलं व्हतं? माणसं बघितली. आता तुमी बी माणुसकी दाखवा."

मी म्हणालो, "अप्पा, काळ्या रानात पेठ टिकायची नाही. पहिल्याच पावसात गाड्या रुततील."

"हे घर कशावर उभंय? चार पिढ्या टिकलोच की आमी." त्यांचा आवाज चढला नाही. "रेघ तुमच्या हातानं वडली जातीया. ती हिकडं वडायला काय लागतंय?"

"रेघ साहेबांची आहे, अप्पा. आणि माझी असती तरी मी तिथंच ओढली असती."

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, खाली मान घालून सुपारी कातरत होते. आतल्या दाराशी अक्काची सावली हलली. अप्पा उठले आणि हात धुवायला गेले, ते परत आले नाहीत. मी कुणाचा निरोप न घेताच बाहेर पडलो.

त्यानंतर कामावर रोज काहीतरी व्हायला लागलं. सकाळी जाऊन पाहावं तर खुंट्या उपटलेल्या. चुन्याच्या रेघांवरून गुरं फिरवलेली. वरल्या गावाची पोरं आम्हाला राखण देतो म्हणून काठ्या घेऊन बसायला लागली, त्यामुळं तर भडका जास्तच उडाला. एका दुपारी ओढ्याच्या अंगानं दगड आले. आमच्या एका मजुराचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं तसा तो मटकन खाली बसला, आणि बाकीच्यांनी साखळी टाकली. कुणीतरी असंही पसरवलं, की साहेब मुसलमान म्हणून वरल्या गावाच्या मशिदीकडं तोंड केलं. खरं तर मशीद दोन्ही गावांत होती, आणि देऊळही. पण दिवसच तसे होते. काडी कुठं पडेल याचा नेम नव्हता. साहेबांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ते तंबूबाहेर एकटे जेवायला बसेनात.

मग तामलवाडीहून सांगावा आला: अक्का घरी आलीय, निघून ये.

मी पोचलो तेव्हा अक्का पडवीत तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. आई चुलीपाशी. दोघींचं रडून झालेलं दिसत होतं. अक्का मला लहानपणापासून कानडीत तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ.

"तम्मा, तुझा नकाशा फिरला की मला न्यायला येणार हायत म्हणं," ती म्हणाली. "तवर हितंच ऱ्हा म्हणले."

"दाजी काय म्हणाले?"

"गाडी जुपून दिली त्यांनी. तोंडातनं शबूद न्हाय काढला."

मी म्हणालो, "मी बदली मागतो. साहेब देतील."

"मग दुसरा कुणी येईल. त्यो बी तोंड वरच ठेवील. अन् मी हितंच ऱ्हाईन." तिनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "पळून जाऊ नगंस. मला एवढंच सांग, तोंड वर झालं तर खालच्या बायांनी जायचं कुठनं?"

"ओढ्याच्या पुलाखालून वळसा घालून. मी फाटक मागितलं होतं. पुढं बघू म्हणाले."

आई म्हणाली, पोराला आधी भाकरी तरी खाऊ दे.

तक्रारी इतक्या गेल्या, की खुद्द तालुकदार साहेब, म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत मोठे हाकीम, सुनावणीला आले. रुळांजवळच्या लिंबाखाली सतरंजी आणि खुर्च्या मांडल्या. एका अंगाला वरलं गाव बसलं, दुसऱ्या अंगाला खाललं, मधे गाडीवाटेएवढी मोकळी जागा. पोलिसांनी काठ्या लांब ठेवायला सांगितल्या होत्या, पण धोतराखाली कुऱ्हाडीचे दांडे दिसत होते. कुणी खोकलं तरी दोन्हीकडच्या माना वळत. हाकिमांना मराठी येत नव्हती. दोन्ही बाजूंचं म्हणणं उर्दूत सांगायचं काम माझ्याकडं.

वरल्या गावाचं मी सांगितलं. मग अप्पा उठले. ते जे बोलले त्यात माझ्यावर आरोप होता: हा पोरगा आमचा सोयरा असून आमच्या मुळावर आलाय. तेही मी जसंच्या तसं उर्दूत सांगितलं. हाकिमांनी माझ्याकडं वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

तेवढ्यात खालल्या गावाच्या मागच्या बाजूला गडबड झाली. माणसं बाजूला सरत होती. डोक्यावरून पदर, काखेला पोर, पाय धुळीनं भरलेले, अशी अक्का मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. ती येणार हे मला ठाऊक नव्हतं. अप्पा ओरडले, "हिला कुणी बोलावलं?" पोलीस पुढं झाला, पण हाकिमांनी हात वर केला आणि मला विचारलं, "ये औरत कौन है?"

"मेरी बहन है, हुजूर. और इन साहब की बहू."

"क्या कहती है?"

अक्का माझ्याकडं न पाहता बोलली. "सरकार, स्टेशनाचं तोंड कुणीकडं बी करा. पर त्या तोंडापायी मला घराभाईर काढलंय. ह्या नकाशात माझी जागा कुठं हाय, तेवढी दाखवा. अन् खालच्या बायांना गाडीपर्यंत जायला वाट ठेवा. दुसरं काय मागत न्हाय."

मी तोंड उघडलं. जागा या शब्दाला उर्दूत शब्द सापडेना असं नव्हतं. दहा शब्द होते. पण आवाजच फुटेना. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग ते स्वतः उठले आणि त्यांनी माझ्या बहिणीचं म्हणणं आपल्या शांत बिदरी उर्दूत हाकिमांपुढं मांडलं, एकही शब्द कमी न करता.

हाकिमांनी अप्पांना विचारलं, "ये सच है?"

अप्पा काठी टेकून तसेच उभे. दोन्ही गावं त्यांच्याकडं बघत होती. मला वाटलं, आता एक शब्द जरी वाकडा गेला तर इथं डोकी फुटणार. अक्का जागची हलली नाही. पोर रडायला लागलं.

दाजी उठले. गरीब स्वभावाचा माणूस, बापापुढं कधी मान वर न केलेला. ते चालत मधल्या जागेत आले आणि त्यांनी अक्काच्या काखेतून मुलीला घेतलं.

"बस खाली," अप्पा म्हणाले.

दाजी बसले नाहीत. "अप्पा, स्टेशन कुठं बी होऊ द्या. माझं लेकरू अन् तिची आई आज माझ्या घरी येत्यात. तुमाला चालत नसंल तर मी येगळी चूल मांडतो."

अप्पांनी काठी उचलली, तेव्हा पोलीस सावध झाले. पण ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, एवढंच. मग खाली बसले आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

हाकिमांनी निकाल तिथंच दिला. तोंड वरच राहील. पण फाटक आधी, गंज नंतर. आणि खालल्या गावापासून फाटकापर्यंत मुरूम टाकून पक्की वाट. यावर कुणीच खूश झालं नाही. खालल्या गावाला तोंड मिळालं नाही, आणि वरल्या गावाच्या दर्शनी जागा फाटकाच्या रस्त्यात गेल्या. उठताना शिव्या दोन्हीकडून आल्या, पण काठ्या चालल्या नाहीत. साहेबांना धर्मशाळा आणि विहीर सरकवून सगळा चौक नव्यानं आखावा लागला. आखताना ते म्हणाले, "मियाँ, तुम्हारी बहन ने मेरा चौक खा लिया." पुष्कळ दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

अक्का सासरी गेली. वेगळी चूल मांडायची वेळ आली नाही, पण अप्पा तिच्याशी आणि माझ्याशी बोलायचे थांबले. ती वाढायची, ते जेवायचे.

पुढं रझाकारांचे दिवस आले आणि काम जागच्या जागी राहिलं. अर्ध्या भिंती तशाच उभ्या. दोन्ही गावांतली माणसं बाया-पोरांना घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला पळाली, तेव्हा वरलं आणि खाललं असा भेद कुणी केला नाही. अक्का, दाजी, अप्पा महिनोन्‌महिने एका छावणीत होते. साहेब त्याच सुमारास बिदरला गेले. त्यांची-माझी पुन्हा भेट झाली नाही. नंतर मी दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. ती हुरहूर अजून आहे.

निजामाचं राज्य गेलं आणि रखडलेलं काम पुन्हा सुरू झालं. मी तेव्हा तुळजापूरच्या रस्त्याच्या कामावर होतो. पहिली गाडी थांबणार त्या दिवशी रजा काढून गेलो. फाटक बंद होतं. खालच्या बाजूला बैलगाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्यात पुढच्या गाडीवर अप्पा बसले होते, पुष्कळ थकलेले. पलीकडं पाट्या घेतलेल्या बाया आगगाडीकडं पळत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"किती येळ माणसाला अडकवून ठेवायचं हे?"

"गाडी सुटली की उघडतील, अप्पा."

"ते दिसतंय मला." त्यांनी बैलांच्या अंगावरच्या माशा हाकलल्या. मग म्हणाले, "जेवायला घरी ये. भाईर कुठं खाऊ नगंस."

गाडी सुटली. फाटकवाल्यानं दांडा वर केला तशी मागची बैलं एकदम पुढं रेटली, आणि मी चाकात येऊ नये म्हणून अप्पांनी हात देऊन मला वर गाडीत ओढून घेतलं.