ओट्यावरची जागा

चार बाया कापसात खुरपायला बसल्या की किस्से तणासारखे निघतात. आज उपटले, तरी उद्या तिथंच!

बोरीच्या अलीकडं एक गाव होतं, हाय अजून. तिथं दोघी राहायच्या. एक सोनाबाई, नवरा गेलेली. रान पाच एकर, पर सातबारा दिराच्या नावानं. दुसरी मी, कौसा. माझ्या नावानं चिमूटभर मातीबी न्हाई.

*

गावाची सभा मारुतीपुढं भरती. जमीनवाले ओट्यावर सावलीत, बाकीचे खाली उन्हात उभे. हे कुठं लिहिलेलं न्हाई, पर मोडत कुणीच न्हाई. एकदा एक शेळी चढली आन ओट्यावर ऐसपैस बसली. सोनाबाई खालून म्हणली, "हिचा सातबारा बघा की!"

*

इलेक्शनला उमेदवार माझ्यापुढं वाकला. "मावशी, तुमचं मत लाखमोलाचं!"

म्या म्हणलं, "मंग सभेत उन्हात का उभं करता?"

लय हसला. पुढच्या घरी गेला.

*

आमच्या वस्तीच्या विहिरीला कठडा न्हवता. माझी लेक मंगल पाणी शेंदायला गेली, पाय घसरला. हंडा वर तरंगला, ती न्हाई.

सवा महिन्यानं मी सभेत गेले, कठडा मागायला. तोंड उघडलं तसे सरपंच म्हणले, "थांब बाई. ओट्यावरल्यांचं आधी होऊ दे."

त्यांचं झालं, आन सभाच उठली! पुढच्या सभेला गेले. तेच. त्याच्या पुढच्या सभेलाबी तेच.

*

सोनाबाईनं ते बघितलं. घरी जाऊन दिराला म्हणली, "भावजी, रानाला माझं नाव लावा."

"वैनी, भाकरी मिळायलीय की! नाव काय करता?"

"ओट्यावर बसते."

गेली जिंतूरला कचेरीत. दीरबी आला. साहेबानं इचारलं, "मयताच्या मागं कोण हाय?"

दीर म्हणला, "मीच."

सोनाबाई शेजारीच उभी! "साहेब, मंग मी काय त्यांच्यासंगं जळाले का?"

साहेबानं पेन खाली ठेवला.

*

लय हेलपाटे झाले, पर नाव लागलं. सोनाबाईनं सगळ्या वस्तीत गूळ वाटला.

सभेला नवं लुगडं नेसून आली. दिरानंच सरकून जागा दिली. "बसा वैनी. बोला आता."

ती बसली न्हाई. खाली आली, माझा दंड धरला, मला नेऊन तिच्या जागेवर बसवलं आन सोता उन्हात जाऊन उभी राहिली.

किती वर्सांचं बोलणं साठलं होतं. तोंड उघडलं तर "मंगल" एवढंच निघालं. सरपंच चपला शोधाय लागले.

तशी खालून सोनाबाई वरडली, "थांबा! ओट्यावरल्यांचं आधी होऊ द्या!"