शॉर्टली म्हणून गेलेली बाई

वेरूळला माझं हिमरू शालींचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीवर केली, इंग्रजी गिऱ्हाइकांकडूनच शिकलो. भाव जमला नाही की आपला माणूस "फिरून येतो" म्हणत पायरी उतरतो. तो येणार नसतो, हे त्यालाही ठाऊक असतं नि मलाही. मी मागून नवा भाव ओरडतो, तो कुरकुरत वळतो. धंदा असाच चालतो.

त्या आठवड्यात एकही भारी शाल खपली नव्हती. एक परदेशी बाई गाईडबरोबर आली. दुकानातली सगळ्यात महाग जांभळी शाल तिनं खांद्यावर घेतली, आरशात पाहत राहिली. मी बराच खाली आलो, ती आणखी खाली मागत होती. मग शाल ठेवून म्हणाली, "वी विल बी बॅक शॉर्टली."

मी मागून हाक मारली नाही. शेजारच्या शालींच्याच दुकानातले चाचा म्हणाले, "सेठ, आवाज दो. गई वो."

"शॉर्टली म्हणाली ती. येतीच आहे."

तरी खात्रीसाठी मुलीला फोन लावला. ती कॉलेजात इंग्रजी शिकते.

"शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात, बाबा. 'सून' म्हणाली असती तर उद्यापरवाही चाललं असतं. शॉर्टलीत तेवढी सवड नसते. बँकेच्या मेसेजात असेल तर मात्र सांगता येत नाही."

मी शाल बाजूला ठेवली. नाशिकचं एक कुटुंब तीच मागत होतं, भावही चांगला देत होतं. "दिलेली आहे," म्हणालो.

दिवस कलला. बाई लेणी पाहून बसकडे निघाली, हातात चाचांच्या दुकानाची पिशवी. माझं डोकं फिरलं. आडवा गेलो. "मॅडम, यू सेड शॉर्टली."

ती गोंधळली. तिचा गाईड मध्ये पडला. "मीच त्यांना सांगितलं होतं, उठून निघालात की दुकानदार हाक मारतो. तुम्ही मारलीच नाही. त्यांना वाटलं, तुम्हाला द्यायचीच नाही. येताना त्या चाचांनी मारली."

चाचांकडची शाल केवढ्याला घेतली, विचारलं. माझ्या शेवटच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतली होती.

चाचांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते शालींच्या घड्या घालत म्हणाले, "मैंने तो पहले तुमकोच बोला था."

हे खरं आहे, म्हणूनच राग जात नाही. शाल अजून फळीवर पडून आहे. चाचा अधूनमधून डोकावतात. "बिकी क्या, सेठ?"