समोर कोणी नसलेला लिलाव

तीनवारराव हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. जुन्या सामानाच्या लिलावगृहात लाकडी हातोडी आपटत 'एक वार, दोन वार, तीन वार' करण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावरही जिभेला वळण तेच. किटलीतला शेवटचा कपभर चहा कोणाला हवाय का, हेसुद्धा ते तीनदा पुकारत आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच पिऊन टाकत.

लिलावात जो माल कोणी घेत नसे तो घरी येई. पलंग बंद पडलेल्या एका हॉटेलचा, डोक्याशी खोलीचा नंबर असलेला. कपाट एका दातांच्या डॉक्टरांचं. 'खालचे दात' असं लिहिलेल्या खणात तीनवाररावांचे मोजे असत. बायकोने यातल्या एकाही वस्तूला कधी नावं ठेवली नाहीत, आणि छान आहे असंही कधी म्हटलं नाही. एकदा तरी तिला काहीतरी असं द्यावं, की ते पाहून ती खुदकन हसेल, हे त्यांच्या मनात फार दिवस होतं. फक्त द्यायचं काय ते सुचत नव्हतं, आणि तिला विचारावं हे तर मुळीच सुचलं नव्हतं.

क्रूझची टूम बायकोनेच काढली. तिची मोठी बहीण दूरच्या गावी राहायची. ताईंचे यजमान गेल्या वर्षी गेले, आणि तेव्हापासून दोघी बहिणी फोनवरच एकमेकींना धीर देत होत्या. बायकोने बोटीचा नकाशा चष्मा लावून पाहिला आणि तळमजल्यावरच्या दोन बिनखिडकीच्या केबिन घेतल्या. दोन्हींच्या मध्ये दार होतं.

"समुद्र नाही दिसला तरी चालेल," ती म्हणाली. "मधलं दार उघडं ठेवू. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी पोटभर बोललोच नाहीये."

हे तीनवाररावांनी ऐकलं होतं. नीट, दोन्ही कानांनी. म्हणजे नंतर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोयही त्यांनी ठेवली नव्हती.

मग क्रूझ कंपनीकडून निरोप आला. वरच्या मजल्यावरची गॅलरीची केबिन हवी असेल तर जादा पैशांची बोली लावा, पटली तर देऊ. बोली हा शब्द वाचला आणि तीनवाररावांच्या अंगात आलं. स्वतःची गॅलरी, समोर अख्खा समुद्र! बायको हसणार ती इथेच. त्यांनी सुनेला कोपऱ्यात घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"आईंना विचारलंत का?" सून म्हणाली.

"सरप्राइज आहे. बोलायचं नाही."

फोनवर बोली लागण्याची शक्यता दाखवणारा एक काटा होता. रक्कम वाढवली की तो लालवरून हिरव्याकडे सरके. तीनवाररावांनी बेताची बोली लावली आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. कोणी चढी बोली केली नाही, कोणी खाकरलं नाही, कोणी खुर्ची सरकवली नाही. असली शांतता त्यांना नवी नव्हती. सभागृह असं गप्प झालं की मागच्या रांगेत कोणीतरी हिशेब करत बसलेला असतो, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोली वाढवली. तिसऱ्या दिवशी परत.

"बाबा, कोणाच्या विरुद्ध वाढवताय?" सुनेने विचारलं. "आधीची बोली तुमचीच आहे."

"मागच्या रांगेतला माणूस हात वर करत नसतो, पोरी. नुसती भुवई उडवतो."

"इथे मागची रांगच नाहीये हो!"

पण तीनवाररावांना ती भुवई दिसत होती. चौथ्या दिवशीच्या बोलीला काटा हिरव्याच्या टोकाला जाऊन टेकला आणि पुढे जागाच उरली नाही, तेव्हा कुठे ते थांबले. नियमांचं पान आलं, ते न वाचताच त्यांनी 'मान्य' दाबलं. 'माल आहे तसा, आहे तिथे. नंतर रडगाणं चालणार नाही' हे गिऱ्हाइकांना रोज ठणकावून सांगणारे ते हेच गृहस्थ.

बोटीवर चढायच्या दिवशी खिडकीमागच्या मुलीने हसतमुखाने अभिनंदन केलं. "तुमची बोली स्वीकारली गेलीय. नववा मजला, गॅलरीसकट!"

तीनवाररावांनी छाती फुगवून बायकोकडे पाहिलं.

"आणि ताई?" बायकोने विचारलं.

"त्यांची केबिन तीच, खाली. तुमची जुनी दुसऱ्या प्रवाशांना दिलीय. बदललेली परत मिळत नाही, नियमात आहे तसं."

बायकोने ताईंच्या हातातली पिशवी घेतली आणि ती उगाच या हातातून त्या हातात करत राहिली. ताईच म्हणाल्या, "असू दे गं. जेवायला भेटूच की. भाऊजींनी एवढ्या हौसेने केलंय." त्या समजूतदारपणाने तीनवाररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढे पैसे ओतून आपण दोन बहिणींच्या मध्ये आठ मजले बांधले, आणि तेही कोणी मागितलेले नसताना.

"ताई, तुमची किल्ली इकडे द्या," ते म्हणाले. "तुम्ही दोघी वर जा. मी खाली झोपतो. मला तसंही घोरायला एकांत लागतो."

खिडकीतल्या मुलीने किल्ल्यांवरची नावं बदलून दिली. तीनवारराव तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत पोचले. मधलं दार आता कुलूपबंद होतं, आणि पलीकडे एक अनोळखी जोडपं टूथपेस्ट कोणी विसरली यावरून भांडत होतं. त्या भांडणात तीनवाररावांची सहानुभूती विसरणाऱ्याकडे होती.

चहाच्या वेळी ते नवव्या मजल्यावर गेले. दोघी पलंगावर पाय वर घेऊन गप्पांत रंगलेल्या, आणि गॅलरीचा पडदा गच्च ओढलेला. ताईंना पाणी पाहून गरगरत होतं.

"तुम्ही बघा हवं तर समुद्र," बायको म्हणाली. "दार मात्र लावून घ्या, वारा आत येतो."

तीनवारराव गॅलरीत एकटेच जाऊन बसले. समुद्र चांगला होता, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. थोड्या वेळाने दार सरकलं आणि बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"कितीला पडलं हो हे?"

त्यांनी खालच्या आवाजात आकडा सांगितला. तिने डोळे मिटून घेतले, मग उघडले.

"एवढी बोली? समोर होतं तरी कोण?"

खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं. "कोणी नव्हतं," ते म्हणाले. "मीच होतो. चार वेळा."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली, ती थांबेचना. कठडा धरून, पदराने डोळे पुसत, पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघून. झालं तरी काय म्हणून ताई गरगरणं विसरून बाहेर आल्या. बायकोने त्यांना कसंबसं सांगितलं, तेव्हा त्याही खुर्चीत बसून हसायला लागल्या. यजमान गेल्यापासून त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

तीनवारराव मधोमध उभे होते, कानांपर्यंत लाल. आणि मनातल्या मनात हळहळत होते, की तो काटा आणखी थोडा पुढे जायला हवा होता.