आतल्या भिंतीचा भाव

मंडळी, आपल्या वस्तीच्या वाचनालयाच्या फळ्यावर आज सुविचाराच्या जागी मीच लिहून राह्यलो. वाचल्याबिगर पुसू नका.

घरं पांढरी करायचं काम माझं, तुम्हाले ठाऊकच आहे. आज पाटलीणबाईच्या घराच्या बाहेरच्या भिंती केल्या. शेवाळ घासलं, पोपडे खरडले, चुन्यात नीळ टाकून दोन हात दिले. रस्त्यानं जाणारे बैलबंडीवाले थांबून पाहत होते.

त्याच भिंती माझ्या बापानंही केल्या. पण उंबरा आम्ही कधी ओलांडला नाई. आतलं काम दुसरेच करत. गेल्या साली आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तरी तिथं तेच चालू होतं.

आज काम संपवून चुना मारायची कुंची धुऊन राह्यलो होतो, तर पाटलीणबाई दारात आल्या.

"काय गा गणपत, आतल्या भिंतीचे काय घेशील?"

मी कुंची बादलीत ठेवली. "उद्या सांगतो," म्हटलं.

त्यांना वाटलं, हा भाव वाढवून राह्यला. खरं म्हणजे आतला भाव मले ठाऊकच नाई! आजवर कोणी विचारलाच नव्हता.

सांगा बरं, काय सांगू? चुना तर आतही तोच लागते.