घिवलीचं गवत, दातिवऱ्याचं गवत

ती मला एकदाच भेटली, ओहोटीला, घिवलीच्या खाडीत. मी वाकून समुद्री गवताची पानं बाटलीत भरत होतो. ती शिंपल्या वेचून परतत होती. मधेच थांबायची, डाव्या टाचेनं उजव्या पोटरीवरचा चिखल खरवडायची आणि पाय पुन्हा त्याच चिखलात घालायची.

"ह्ये कशाला नेता?"

"इथलं गवत आणि दातिवऱ्याचं गवत नात्यातलं आहे का, ते तपासायचंय. पाण्यातून बी इकडून तिकडे पोचतं का, तेही."

तिनं टोपली टेकवली. "माझी बईन दातिवऱ्याला दिलेली हाय. पैले आमी होडीनं जायचो. आता गाड्या बदलून कंबर धरते. जाणंच व्हत नाय."

मग फडक्यात मूठभर शिंपल्या बांधून तिनं माझ्यापुढे धरल्या. बर्फाच्या खोक्यात नमुन्यांशिवाय काही ठेवायचं नाही, असा माझा नियम. पण दिवसभर उन्हात वाकून नाही म्हणण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"घिवलीवरनं आल्यात म्हणा. वळखंल ती."

दुसऱ्या दिवशी दातिवऱ्याला मला घर शोधावं लागलं नाही. खाडीच्या काठाला एक बाई डाव्या टाचेनं उजव्या पोटरीवरचा चिखल खरवडत उभी होती.

गाठोडं तिनं उघडलंच नाही, नुसतं हुंगलं.

"थकली का वो ती?"

मी हो म्हणालो.

"परत गेलात तर सांगा, मी बरी हाय," असं म्हणून ती कंबर धरून चिखलात उतरली.

घिवलीचं माझं काम संपलं होतं. तो निरोप अजून माझ्याकडेच आहे.